कोणते काका?

माझ्या फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यावर एक टिकली चिकटवलेली आहे. लाल, मखमली, पाकिटातली सगळ्यात लहान. फोन हातात घेणारा प्रत्येक जण विचारतो, हे काय नवीन? मी म्हणते, आमच्या बाईंची आठवण आहे. बाईंच्या स्वतःच्या फोनला दोन टिकल्या होत्या, पुढे एक आणि मागे एक, आणि तो फोन त्या जेवणाच्या डब्यात ठेवायच्या. चार पुडांचा स्टीलचा डबा होता. वरच्या तीन पुडांत चपाती, भाजी आणि चिरलेला कांदा, सगळ्यात खालच्या पुडात फोन. तो वाजला की डबा टेबलावर थरथरायचा आणि शिक्षकखोलीतल्या आम्ही सगळ्या दचकायचो. बाई मात्र आधी चपाती-भाजी संपवायच्या, मग कांदा, आणि मगच खाली पोचायच्या. ‘‘ज्याचा काम आसात तो परत करतलो,’’ असं म्हणायच्या. जेवताना आणि चिडल्यावर त्यांची मालवणी बाहेर यायची. एरवी त्या पुस्तकासारखं शुद्ध बोलायच्या.

मी परळच्या त्या प्राथमिक शाळेत लागले तेव्हा बाईंच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. मी शिक्षण सेवक होते, म्हणजे तीन वर्षं तात्पुरती, आणि वरच्यांचा शेरा चांगला पडला तरच कायम. पहिल्याच दिवशी मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, मला तिसरीच्या वर्गातून हजेरीपट आणायला पाठवलं. दारात उभी राहून मी गोड आवाजात विचारलं, ‘‘बाळांनो, तुमच्या बाई कुठे आहेत?’’ चाळीस पोरं एकदम उभी राहिली आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, ‘‘नाही सांगणार!’’

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. दाराच्या मागून बाई बाहेर आल्या. हातात फळा पुसायचं फडकं, गळ्यात शिट्टी. ‘‘शाब्बास,’’ त्या मुलांना म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. ‘‘तू कोण?’’ मी नाव सांगितलं. आडनाव सांगितलं. नायगावला बीडीडी चाळीत राहते, आज पहिला दिवस आहे, सकाळी एकटीच चालत आले, हेही सांगितलं. घाबरले की मी बडबडते. बाई वर्गाला म्हणाल्या, ‘‘बघितलंत? मी फक्त ‘तू कोण’ विचारलं आणि हिने मला थेट घरापर्यंत नेऊन सोडलं. हिला तिसरीत बसवायला पाहिजे.’’ पोरं खिदळली. मला इतका राग आला की हजेरीपट न घेताच मी परत फिरले.

पोरं पाठीमागे त्यांना ‘नाहीबाई’ म्हणायची. बाईंना ते माहीत होतं आणि मनातून आवडायचंही. रोज प्रार्थनेनंतर दहा मिनिटं त्यांच्या वर्गात ‘नाही’ म्हणायचा सराव चालायचा. ‘‘घशातून नको, पोटातून काढ,’’ त्या सांगायच्या. एखादी मुलगी लाजाळू असली तर तिला खिडकीशी उभं करून समोरच्या गच्चीवरच्या कावळ्याला ‘नाही’ म्हणायला लावायच्या. कावळा उडाला की पोरगी पास. एका मुलीला पंधरा दिवस लागले. कावळा उडाला त्या दिवशी बाईंनी अख्ख्या वर्गाला खोबऱ्याची वडी वाटली.

मला हे सगळं भलतंच वाटायचं. आम्हाला घरी काय शिकवलं होतं? पाहुण्यांना नमस्कार कर, काकांना कविता म्हणून दाखव, मामांना पापा दे, मोठ्यांना नाही म्हणू नये. मी त्यातच वाढले आणि माझं काही बिघडलं नाही, अशी माझी समजूत होती. आणि या बाई सरकारी पगार घेऊन पोरांना उद्धटपणा शिकवत होत्या. एकदा वरचे साहेब शाळा तपासायला आले. बाईंच्या वर्गात शिरून त्यांनी पुढच्या बाकावरच्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, ‘‘काय बाळ, कुठे राहतोस?’’

‘‘नाही सांगणार.’’

‘‘अरे, मी साहेब आहे.’’

‘‘कोणते साहेब?’’

मोठ्या बाई पांढऱ्याफटक पडल्या. साहेब जाताना शेरेबुकात फक्त एक ओळ लिहून गेले, ‘विद्यार्थी उद्धट वाटले.’ बाईंनी ती ओळ सुवाच्य अक्षरात मोठ्या कागदावर उतरवली आणि वर्गात, गुणवंतांच्या यादीशेजारी चिकटवली.

त्यांचं खरं वैर होतं ते एका शब्दाशी. काका. आपल्याकडे परका पुरुष असा नसतोच, असं त्या म्हणायच्या. रिक्षावाले काका, भाजीवाले काका, व्हॅनवाले काका, पोलीसकाका, वरच्या मजल्यावरचे काका. दोन वर्षांच्या पोराला आई कडेवर घेते आणि समोर येईल त्याच्याकडे बोट दाखवून सांगते, ते बघ काका. ‘‘बापाचा भाऊ तो काका,’’ बाई फळ्यावर लिहायच्या, ‘‘बाकीची माणसं.’’ त्यांच्या वर्गात कुणाच्या तोंडून ‘काका’ निघाला की उरलेली एकोणचाळीस जणं एका सुरात विचारायची, ‘‘कोणते काका?’’ मग त्या पोराने सांगायचं, माझ्या बाबांचे भाऊ, किंवा दूध टाकणारा माणूस. आमच्या शाळेच्या शिपायांना पिढ्यान्‌पिढ्या मुलं मामा म्हणत आली होती. बाईंच्या वर्गातली पोरं त्यांना सरळ ‘पेडणेकर’ म्हणायला लागली. पेडणेकरांना ते इतकं लागलं की ते आठवडाभर त्या वर्गाचा पाण्याचा माठ सगळ्यात शेवटी भरत होते.

त्याच पेडणेकरांना बाईंनी पुढे कामाला लावलं. लॉकडाउननंतर पोरांच्या हातात आईबापांचे फोन आले होते आणि ते काही परत गेले नव्हते. ‘नेटवर सावध राहा’ असा एक रंगीत तक्ता आमच्याकडे आला होता, तो सगळ्यांनी भिंतीला लावून टाकला. बाईंनी तो लावला नाही. त्यांनी वर्गाच्या दारावर एक चादर टांगली आणि मुलांना सांगितलं, पलीकडे चौथीत आलेली नवीन मुलगी बसली आहे. तिचं नाव परी. ती फार लाजते, तिला मैत्रीण हवी आहे. तुम्ही पाटीवर लिहा, चादरीखालून सरकवा, ती उत्तर देईल.

मी माझा तास सोडून बघत उभी राहिले. पाट्या जायच्या, पाट्या यायच्या. पलीकडून फूल काढून यायचं, मांजर काढून यायचं. मला मांजर आवडतं, तुला? तू कुठल्या चाळीत राहतेस? तुझी आई घरी कधी येते? वीस मिनिटांत बारा पोरांनी पत्ता लिहून दिला होता. एकाने आपल्या घराची चावी कुठल्या कुंडीखाली असते तेही लिहिलं, वर कुंडीचं चित्र काढलं. बाईंनी सगळ्या पाट्या गोळा केल्या, फळ्याखाली ओळीने लावल्या आणि चादर ओढली. पलीकडे लहानशा स्टुलावर, मांडीत पाटी घेऊन, भरघोस मिश्यांचे पेडणेकर बसले होते.

जी किंकाळी उठली ती अजून माझ्या कानात आहे. एक मुलगा ढसाढसा रडला, दोन पोरी बाकाखाली गेल्या. मी बाईंना म्हणाले, ‘‘अहो बाई, पोरं किती घाबरली! हे काय शिकवणं झालं?’’

‘‘पेडणेकराक घाबारली ती बरी,’’ बाई म्हणाल्या आणि पाट्या पुसायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी पालक आले. मुलांच्या मनावर परिणाम झाला, आमचा मुलगा संडासला एकटा जात नाही, वगैरे. संस्थेचे सेक्रेटरी आले आणि पाटीचा तो खेळ बंद झाला. खोटं कशाला सांगू, मी मनातून पालकांच्या बाजूची होते.

आणखी एक त्यांचा नियम होता, तोही मला तेव्हा विचित्रच वाटला होता. मूल काही सांगायला आलं की ते एकदाच सांगू द्यायचं. पुन्हा विचारायचं नाही. एका सकाळी दुसरीतला एक मुलगा गाल सुजवून आला. जिन्यावर मला एका मोठ्या मुलाने मारलं, असं त्याने त्याच्या बाईंना सांगितलं. मग ते मोठ्या बाईंनी विचारलं. मग पेडणेकरांनी, मग मी, मग बोलावून घेतलेल्या त्याच्या बापाने. पाचव्या वेळी तो मुलगा म्हणाला, मीच पडलो. बाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. ‘‘मिळालं उत्तर? झालं समाधान?’’ एवढंच म्हणाल्या आणि त्याला आपल्या वर्गात घेऊन गेल्या. ‘‘दुसऱ्यांदा विचारलं की पोराला वाटतं, पहिलं उत्तर चुकलं,’’ असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

आता तन्वीचं सांगते. बाईंच्या वर्गातली, आठ वर्षांची, दोन बारीक वेण्या, लालबागच्या चाळीतली. आई दादरला साड्यांच्या दुकानात कामाला, वडील फिरतीवर, आणि घरात वडिलांचा धाकटा भाऊ, म्हणजे तिचा सख्खा काका. तो मंडळांचे आणि वाढदिवसांचे बॅनर छापायचा. चांगला, हसतमुख माणूस. बाईंनी प्रत्येक पोराला घरच्यांशी ठरवून एक शब्द घ्यायला लावला होता. आईबापाशिवाय दुसरं कुणी न्यायला आलं तर त्याने तो शब्द सांगायचा, नाहीतर पोर फाटकाबाहेर पाऊल टाकणार नाही. एका संध्याकाळी तन्वीची आई दुकानात अडकली आणि काकाला पाठवलं. घाईत शब्द सांगायला विसरली.

‘‘चल गो,’’ काका म्हणाला.

‘‘शब्द सांगा.’’

‘‘कसला शब्द? अगं, मी काका!’’

‘‘कोणते काका?’’ तन्वी सवयीने बोलून गेली. फाटकाशी उभे असलेले सगळे पालक हसले. तो लालबुंद झाला. बाईंनी त्याला ओळखलं होतं, तरी सोडलं नाही, एक खुर्ची मात्र दिली. पाऊण तासाने आईने फोन उचलला. शब्द होता ‘सांदण’, तन्वीच्या आवडीचं, फणसाचं. चाळीसएक वर्षांच्या त्या माणसाने फाटकाशी उभं राहून, मान खाली घालून ‘सांदण’ म्हटलं तेव्हा मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी मी तन्वीला बाजूला घेतलं आणि शहाणपणाने सांगितलं, ‘‘सख्ख्या काकांशी असं वागतात का? काका म्हणतील ते ऐकायचं. मोठ्यांना नाही म्हणू नये.’’ ती मान डोलावून गेली.

त्यानंतर महिन्याभराने बाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्या पंधरा दिवस रजेवर होत्या आणि त्यांचा वर्ग माझ्या वर्गात मिसळला होता. सत्तर पोरं. मधल्या सुट्टीत मी वह्या तपासत बसले होते. तन्वी टेबलाशी आली.

‘‘बाई, काकांनी माझा फोटो मागितलाय. आईच्या फोनवरून पाठवू?’’

‘‘कसला फोटो?’’ मी मान वर केली नाही.

‘‘गणवेशातला.’’

चाळीच्या मंडळाने मुलांचा सत्कार ठेवला होता आणि बॅनर तिचा काका करत होता, हे मला ठाऊक होतं. ‘‘मग पाठव की,’’ मी म्हटलं.

ती हलली नाही. ‘‘पाठवू ना? नक्की?’’

मी वैतागले. ‘‘अगं, काकांनीच मागितलाय ना? मोठ्यांना नाही म्हणू नये, सांगितलं होतं ना तुला?’’

‘‘हो बाई,’’ ती म्हणाली आणि गेली.

बाईंनी शिकवलं होतं तसंच ती वागली होती. फोटो पाठवायच्या आधी शाळेतल्या मोठ्या माणसाला विचारायला आली होती. दोनच शब्दांचा प्रश्न मला विचारायचा होता. चाळीस पोरांना तो झोपेतही पाठ होता आणि मला सुचला नाही.

बाई रजा संपवून शनिवारी आल्या, डोळ्यांवर काळा चष्मा लावून. शनिवारी त्यांच्या वर्गात कानातली गोष्ट असायची. प्रत्येक पोराने येऊन बाईंच्या कानात काहीही एक सांगायचं. मांजर व्याली, आजीने शिवी दिली, काहीही. मी हजेरीपट द्यायला गेले आणि शेजारीच उभी राहिले. तन्वीची पाळी आली. ती कुजबुजली, पण आनंद झाला की तिचा आवाज चढायचा.

‘‘बाई, मला सोमवारी बाहुली मिळणार आहे. काका देणार आहेत. शाळेच्या मागच्या फाटकाशी. कुणाला सांगू नको म्हणालेत, पण तुम्हाला चालेल ना?’’

‘‘कोणते काका?’’

‘‘गेमवाले.’’

माझ्या हातातला हजेरीपट खाली पडला. बाईंच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. त्या तन्वीला म्हणाल्या, ‘‘मला सांगितलंस, फार छान केलंस. तुझं काही चुकलेलं नाही. जा, बस.’’ आणि त्यांनी पुढच्या पोराला बोलावलं. उरलेल्या बावीस पोरांच्या बावीस गोष्टी त्यांनी शांतपणे ऐकून घेतल्या. मी वेड्यासारखी त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्या शिक्षकखोलीत आल्या, दार लावलं आणि डबा उलटा धरून खालून उघडला. वरचा कांदा सगळा टेबलावर सांडला. त्या दिवशी पहिल्यांदा मी बाईंना जेवणाआधी फोन काढताना पाहिलं.

तन्वीच्या आईला बोलावून आम्ही तिघी पोलिसांकडे गेलो. तिच्याच फोनवर तन्वी एक खेळ खेळायची, त्यात बोलताही यायचं. तिथे एक जण तिच्याशी रोज बोलत होता. मला काका म्हण, असं त्यानेच सांगितलं होतं. आईने फोन उघडून दाखवला. तन्वीचा गणवेशातला फोटो होता, दोन वेण्या, तोंडभर हसू, आणि छातीवर बिल्ला. बिल्ल्यावर शाळेचं नाव, ठसठशीत. खाली त्याने लिहिलं होतं, ‘आता तुझी शाळा कळली. सरप्राइज देणार.’ फोटो पाठवल्याची वेळ मी बघितली. मी ‘पाठव की’ म्हटलं त्या दिवशीची संध्याकाळ होती. आई रडत होती, तिला काही दिसत नव्हतं. मी बाईंना तिथेच, पोलीस ठाण्याच्या बाकावर सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं.

सोमवारी तन्वी घरीच होती. मागच्या फाटकाशी साध्या कपड्यांतले पोलीस उभे होते आणि मी वरच्या खिडकीत. तो वेळेवर आला. पांढरा शर्ट, इस्त्री केलेला, पोट थोडं सुटलेलं, हातात पिशवी. पिशवीतून गुलाबी खोका डोकावत होता. अंगावर काटा आला तो त्याच्या भयानक दिसण्याने नाही. रस्त्यात भेटला असता तर मीही त्याला काकाच म्हटलं असतं. पोलिसांनी त्याला धरलं आणि गाडीत घालून नेलं.

मूल वाचलं होतं. आपल्याकडे त्यानंतर लगेच दुसरा प्रश्न येतो, चूक कुणाची. बुधवारी मोठ्या बाईंच्या खोलीत सगळे जमले. सेक्रेटरी, मोठ्या बाई, तन्वीची आई, तिचा काका, बाई आणि कोपऱ्यात मी. तन्वी आईला चिकटून उभी. सेक्रेटरींनी तिला विचारलं, ‘‘बाळ, फोटो पाठवायच्या आधी तू कुणाला विचारलं होतंस का?’’

‘‘हो. बाईंना.’’

‘‘बाई काय म्हणाल्या?’’

‘‘पाठव म्हणाल्या. मोठ्यांना नाही म्हणू नये.’’

खोलीतल्या सगळ्या माना बाईंकडे वळल्या. तन्वीच्या वर्गाच्या बाई त्याच. त्या पंधरा दिवसांत त्या रजेवर होत्या हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. त्याहून मोठा धक्का मला वेगळाच होता. ‘मोठ्यांना नाही म्हणू नये’ हे वाक्य, आणि ते या बाईंच्या तोंडी! दोन वर्षं त्यांच्याविरुद्ध ज्या तक्रारी आल्या त्या नेमक्या याच्या उलट होत्या. तरी एकालाही शंका आली नाही. तन्वीने माझ्याकडे एकदा बघितलं आणि मग जमिनीकडे. मला माझे पुढचे शेरे दिसत होते, कायम होण्याचं पत्र दिसत होतं. दोन पावलं पुढे यायचं होतं फक्त.

‘‘बाई, तुम्ही?’’ आई किंचाळली. ‘‘तुम्ही सांगितलंत तिला?’’

‘‘थांबा, थांबा,’’ सेक्रेटरी म्हणाले. ‘‘बाळ, नीट आठवून सांग. नक्की बाईंनाच विचारलंस? पुन्हा एकदा सांग बघू.’’

तन्वीचा खालचा ओठ थरथरायला लागला. ती आता उत्तर बदलणार, हे बाईंना दिसलं असावं. आता ती म्हणाली असती, नाही, मी कुणालाच विचारलं नाही, मीच पाठवला.

‘‘हो, मलाच विचारलं,’’ बाई म्हणाल्या. ‘‘मीच सांगितलं. आता तिला पुन्हा विचारू नका.’’

मी तिथे होते. ऐकलं. आणि गप्प बसले.

बाईंचा वर्ग काढून घेतला. शेवटचे चार महिने त्यांना तळमजल्यावर जुनी पुस्तकं आणि नकाशे ठेवायच्या खोलीत बसवलं. सकाळचं ‘नाही’ बंद झालं. त्यांचा वर्ग मला मिळाला, आणि भिंतीवरचा तो ‘उद्धट’चा कागद मला काढायला सांगितला. मी तो घडी करून पर्समध्ये ठेवला. एकदा धीर करून खाली गेले. बाई नकाशांना दोऱ्याने लेबलं बांधत होत्या. मी म्हटलं, ‘‘बाई, त्या दिवशी मी…’’

‘‘मला काय सांगतेस? मला माहीत आहे.’’ त्यांनी दाताने दोरा तोडला. ‘‘जिका सांगूक होया तिका सांग.’’

तन्वीची आई रोज फाटकाशी यायची. मला हसून म्हणायची, ‘‘आता तुम्ही आहात म्हणून काळजी नाही बाई.’’ रोज. मी रोज ठरवायची आणि रोज उद्यावर टाकायची.

एप्रिलच्या शेवटी निरोप समारंभ झाला. तो टाळला असता तर बरं दिसलं नसतं म्हणून ठेवला होता. सभागृहात मुलं खाली, मागे पालक, व्यासपीठावर बाई शाल घेऊन बसलेल्या, डोळ्यांवर नवा चष्मा. मोठ्या बाई बोलायला उभ्या राहिल्या. छत्तीस वर्षांची सेवा, शिस्त, कळकळ. मग त्या थोड्या थांबल्या आणि म्हणाल्या, ‘‘माणूस म्हटलं की चूक होतेच. बाईंच्या हातूनही शेवटी एक मोठी चूक झाली. पण आपण ती पोटात घालू या.’’

‘‘कोणत्या बाईंच्या?’’

आवाज खालून आला होता. पोटातून काढलेला, स्वच्छ. तन्वी उभी होती. मोठ्या बाई गोंधळल्या, ‘‘खाली बस बाळ,’’ म्हणाल्या. तन्वी बसली नाही. तिच्या बाजूची पोरंही एकेक करून उभी राहायला लागली आणि सवयीने, एका सुरात, जसं पूर्वी विचारायची तसं त्यांनी विचारलं, ‘‘कोणत्या बाई?’’

मी भिंतीशी उभी होते. मी हात वर केला, तिसरीतलं पोर करतं तसा.

‘‘मी,’’ मी म्हटलं. ‘‘तन्वीने मला विचारलं होतं. ‘पाठव’ असं मी सांगितलं होतं. बाई तेव्हा रजेवर होत्या.’’

मागच्या रांगेत तन्वीची आई उभी राहिली. तिच्या चेहऱ्याकडे बघायचं माझ्यात बळ नव्हतं. मोठ्या बाई माईकवरूनच म्हणाल्या, ‘‘काय? काय म्हणालात? पुन्हा सांगा, नीट सांगा.’’ मी तोंड उघडलं, पण मला त्याच क्षणी कळलं की आता मी काहीतरी वेगळं बोलणार आहे, गर्दी होती, सत्तर पोरं होती, माझ्या लक्षात आलं नाही, असं काहीतरी.

व्यासपीठावर बाईंनी शाल बाजूला ठेवली आणि उठून माईकवर हात ठेवला.

‘‘नको. तिला पुन्हा विचारू नका,’’ त्या म्हणाल्या. ‘‘एकदा सांगितलंय तिने.’’